जामदारखान्याची नवी मांडणी : ऐतिहासिक पोशाख व पादत्राणे यांच्या संग्रहाचा विचार

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातील गावांतून दरवर्षी १९ फेब्रुवारीस ज्या मिरवणुका निघतात, शाळांच्या स्नेहसंमेलनांतून जे ऐतिहासिक प्रवेश सादर होतात आणि हिंगोलीच्या सार्वजनिक दसऱ्याच्या निमित्ताने जी पात्रे सजतात, त्या सर्वांना लागणारा पोशाख आज बहुतांशी भाड्याने आणला जातो. तो डोळ्यांत भरतो, एका दिवसाची गरज भागवितो आणि दुसऱ्या दिवशी गाठोड्यात बांधून परत जातो. त्याच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, कारण त्याच्यावाचून पुष्कळ गावांतील मुलांना आपला इतिहास अंगावर घेऊन पाहण्याची संधीच मिळाली नसती. परंतु गेलेल्या काळाचा पोशाख पुराव्याशी इमान राखून पुन्हा निर्माण करावा, तो एका ठिकाणी साठवावा, वापरात ठेवावा आणि वापरूनही टिकवावा, अशी आकांक्षा ज्यांच्या मनात उत्पन्न झाली आहे त्यांच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नाच्या सर्व अंगांचा एकत्र विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे. माझे मत आरंभीच सांगतो : हा सारा व्यवहार कापडावर अवलंबून आहे, आणि जो शिंप्यापासून सुरुवात करतो तो अर्ध्या वाटेवरून प्रवासास निघतो.

पुराव्यांचा विचार करू लागले की प्रथम ध्यानात येते ती ही गोष्ट की या कामाला आमचा मुलूख दरिद्री नाही. अजिंठ्याच्या १, १६ व १७ क्रमांकांच्या लेण्यांतील चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात घडली, आणि वाकाटकांच्या ज्या शाखेचा तो राजा होता तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे हिंगोलीला लागून असलेले आजचे वाशीम. तेव्हा अजिंठ्याच्या भिंतींवर दिसणारी तलम वस्त्रे, पट्टेदार अंतरीये, हंसांच्या ओळी विणलेले कापड, आणि सेवक व परदेशी लोक यांच्या अंगावरील शिवलेले बाह्यांचे सदरे हे सारे आमच्या शेजारघरचे चित्रण आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यानंतर बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात वस्त्रोपभोगावर स्वतंत्र प्रकरण येते व त्यात कोणत्या ऋतूत कोणते वस्त्र धारण करावे याचाही विचार आहे; तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ सामान्य माणसाच्या नित्याच्या वावरात आपल्याला नेऊन सोडते; आणि औंढा नागनाथच्या यादवकालीन मंदिराच्या बाह्यांगावरील शिल्पे वस्त्राच्या चुण्या, कमरेचे पट्टे व अलंकार दाखवितात. अर्थात दगडाला रंग नसतो आणि कापडाचा पोतही त्यात उतरत नाही, एवढेच नव्हे तर मूर्तीतील देवदेवतांचा वेष हा पुष्कळदा शिल्पशास्त्राच्या संकेतातून आलेला असतो, ही मर्यादा विसरून चालणार नाही.

शिवकाळाचा पुरावा याहून निश्चित आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील दख्खनी शैलीची चित्रे लंडनचे ब्रिटिश म्युझियम, ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि पॅरिसचे संग्रह यांत जतन झाली आहेत, आणि इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी प्रसिद्धीस आणलेल्या चित्राने तर महाराजांच्या रूपाविषयीची महाराष्ट्राची कल्पनाच पालटून टाकली. या चित्रांत अंगात जामा, कमरेला पटका, डोक्यास पागोटे व तुरा, आणि पायांत सुरवार अशी मांडणी दिसते. पेशवाईच्या अखेरच्या पर्वासाठी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात १७९२ च्या सुमारास काढलेली सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे आहेत. त्यांत शुभ्र तलम कापडाची जी नजाकत दिसते ती पाहिली म्हणजे भरजरी मखमलीत वावरणारे आपले रंगमंचावरील पेशवे किती दूरचे आहेत ते कळते. कागदोपत्री पुरावा याच्या जोडीला ठेवावा. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हिशेबांत पोशाखांचे, शिरपावांचे, सनगांचे उल्लेख आहेत. माधवराव पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या असावली दुपट्ट्यांची मागणी रंगांच्या नावांनिशी येते. आणि प्रत्यक्ष वस्त्रे? ती पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि १९४९ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात पाहावयास सापडतात. चित्र आकार दाखविते आणि कागद नाव व किंमत सांगतो, परंतु शिवण कुठे घातली, अस्तर कशाचे, बंद कसा जोडला हे केवळ उरलेले वस्त्रच सांगू शकते, आणि म्हणून संग्रहालयातील एका जाम्यापुढे शांतपणे घालविलेला तास शंभर छायाचित्रांपेक्षा अधिक फलदायी होतो.

येथे एक खबरदारी घेणे अगत्याचे आहे. राजा रविवर्मा, म. वि. धुरंधर, बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर यांच्या कलाकृतींनी महाराष्ट्राच्या मनात इतिहासाची जी चित्रे उमटविली ती इतकी प्रभावी आहेत की त्यांनाच आपण पुरावा समजू लागतो. धुरंधरांचा अभ्यास दांडगा होता, वेषभूषेकडे त्यांची नजर सूक्ष्म होती, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा स्त्रीवेष जाणून घ्यावयाचा तर त्यांच्या चित्रांस तोड नाही. परंतु सतराव्या शतकासाठी ते साक्षीदार नव्हते. एका काळाने दुसऱ्या काळाची केलेली कल्पना आणि त्या काळाने मागे ठेवलेला पुरावा यांत भेद करण्याची सवय लागल्याखेरीज या कामात पाऊल टाकू नये. अभ्यासूंनी गो. स. घुर्ये यांचा १९५१ साली प्रसिद्ध झालेला भारतीय वेषभूषेवरील इंग्रजी ग्रंथ आणि डॉ. मोतीचंद्र यांचा प्राचीन वेषभूषेवरील हिंदी ग्रंथ हे दोन्ही हाताशी ठेवावेत.

महाराष्ट्रात या दिशेने जे काम झाले ते मुख्यत्वे रंगभूमीने व चित्रपटाने केले. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या अंगावरचे शालू आणि पैठण्या खऱ्या असत, आणि त्या पाहून घरंदाज स्त्रिया आपली नेसण बदलीत. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या भानू अथैया यांनी १९६६ च्या ‘आम्रपाली’ चित्रपटासाठी अजिंठ्याची वस्त्रे पडद्यावर आणण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पुरस्कार मिळविला. हा बहुमान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तो पुरस्कार आपल्या पश्चात सुरक्षित राहावा म्हणून २०१२ साली त्यांनी तो अकादमीकडे परत सोपविला, ही घटना जतनाच्या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी आठवते. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’ने १९८५ पासून शेकडो कलावंतांना एकाच वेळी शिवकालीन वेषात उभे केले, आणि एवढ्या मोठ्या संख्येचा कपडेपट गावोगाव हलविणे ही व्यवस्थापनाचीच एक विद्या आहे हे दाखवून दिले. तथापि रंगमंचाचा पोशाख दहा-वीस हातांवरून पाहावयाचा असतो. तो भडक असावा लागतो, चटकन चढवावा व उतरवावा लागतो, आणि त्याचे आयुष्य प्रयोगांच्या हिशेबाने मोजले जाते. आपण ज्या संग्रहाचा विचार करीत आहोत त्यातील वस्त्र हातात घेऊन, उलटून, शिवण तपासून पाहण्यासारखे हवे. अशा कामाची परंपरा पाश्चात्य देशांत रुजली आहे. जॅनेट आर्नल्ड या इंग्रज विदुषीने जुन्या वस्त्रांची मापे इंचाइंचाने घेऊन १९६४ पासून त्यांचे आराखडे प्रसिद्ध केले, आणि अमेरिकेतील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील शिंपी व जोडे करणारे यांची कामे आजही लोकांसमक्ष, जुन्याच हत्यारांनी चालतात. मराठी वस्त्रांचा असा आराखडासंग्रह निघणे ही या विषयाची पहिली निकड आहे असे मी मानतो.

आता कापड. जुन्या हातमागाचा पन्हा अरुंद असे, कारण विणकराचे दोन हात धोटा जेवढ्या अंतरावर फेकू व झेलू शकत तेवढीच कापडाची रुंदी. या एका गोष्टीने जुन्या पोशाखाची सारी बेतणी ठरविली. अरुंद पन्ह्याचे, कष्टाने विणलेले कापड वाया घालविणे कोणालाच परवडत नव्हते, म्हणून पाठ, पोट, बाह्या हे सारे सरळ पट्ट्यांतून निघत; घेर हवा असेल तेथे तिरकस कापलेल्या कळ्या जोडल्या जात, आणि हात मोकळा फिरावा म्हणून काखेत चौबगला बसवीत. आजचा शिंपी गिरणीच्या रुंद पन्ह्याचे कापड घेतो, शर्टासारखा गोल मुंढा कापतो आणि त्याला अंगरखा म्हणतो. तो अंगात घालून हात वर केला की सारा अंगरखा वर उचलला जातो. चौबगला असलेल्या अंगरख्यात हात डोक्यावर नेला तरी कमर जागची हलत नाही, आणि घोड्यावर बसणाऱ्या, भाला पेलणाऱ्या माणसाला ती सोय किती मोलाची होती हे मग कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या भागात कापड कोठून आणावे? परभणी-हिंगोली-नांदेड हा कापसाचा मुलूख आहे खरा, परंतु त्याच्या शेतांत आज उभे असलेले झाड हे २००२ नंतर पसरलेल्या बीटी संकरित अमेरिकी कापसाचे. जुने कापड ज्या देशी कापसाचे होते त्यातील गावरानी जात एके काळी निजामाच्या राज्याची ख्याती होती, आणि नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात देशी वाणांवरचे काम अद्याप चालू आहे. सूत व वीण यांसाठी दूर जावे लागत नाही : राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी देशभर प्रसिद्ध असलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडातच आहे. हातसुताची, हातविणीची खादी हा अस्सल पर्याय आहे, मात्र ती निवडताना पोत व जाडी पाहून निवडावी, कारण शेतकऱ्याच्या बंडीचे कापड आणि कारकुनाच्या अंगरख्याचे कापड या दोन निरनिराळ्या दुनिया आहेत. दरबारी वस्त्रांसाठी छत्रपती संभाजीनगरचे हिमरू व मशरू, आणि २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली पैठण-येवल्याची पैठणी हे मराठवाड्याच्याच हाताशी आहेत. जरीच्या बाबतीत मात्र चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली खरी जर आणि तांब्याची किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीची जर यांतला फरक विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावा. इतके सर्व सोपस्कार ज्या वस्तूला लागत नाहीत ती म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, हातचरख्यावरचे सूत, ताण्याला चिंचोक्याची खळ आणि खड्ड्यातला माग ही तिची रीत कित्येक पिढ्यांत फारशी बदललेली नाही, म्हणून घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडून घेतलेली चांगली घोंगडी हे ऐतिहासिक संग्रहातील सर्वांत निर्दोष वस्त्र होय.

रंगांची कथा अधिक गुंतागुंतीची, आणि अधिक सुंदरही. १८५६ साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला, १८६८ मध्ये मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत सिद्ध झाला, १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यापूर्वीच्या कोणत्याही पोशाखात दिसणारे रंग वनस्पती, खनिजे व कीटक यांच्यातूनच येत होते. वऱ्हाड-खानदेशात आलीच्या मुळ्यांचा लाल, निळीचा निळा, हळद व डाळिंबसालीचा पिवळा, हिरडा व लोखंड यांच्या संयोगाचा काळा ही रंगपेटी होती. पण आमच्या रानात रब्बीला डोलणारी जी करडई तिच्या फुलाचा कुसुंबी रंग विशेष अभ्यासाला घ्यावा असे मी सुचवीन. पाकळ्यांत दोन रंगद्रव्ये असतात. पिवळे द्रव्य पाण्यात विरघळते; म्हणून वाळलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवाव्यात. नंतर त्याच पाकळ्या साजीखारासारख्या क्षाराच्या पाण्यात मळल्या म्हणजे तांबडे द्रव्य सुटून येते, आणि त्या पाण्यात लिंबाचा रस घातला की ते कापडाच्या तंतूंवर जाऊन बसते : प्रथम फिका गुलाबी, मग पुन्हा पुन्हा बुडवावे तसतसा गडद. ज्या क्षाराने तो रंग सुटतो त्याच गुणाचा साबण त्याला कापडावरूनही सोडवितो, आणि ऊन त्याला फिका करते. पूर्वी लोक असे वस्त्र सणावाराला पुन्हा रंगवून घेत. म्हणजे कुसुंबी वस्त्र संग्रहात ठेवायचे ते कायमचे म्हणून नव्हे, दर दोन-चार वर्षांनी रंगारी बसवायची तयारी ठेवून.

शिवणीविषयी थोडक्यात. सिंगरच्या शिलाईयंत्राचे पेटंट १८५१ चे. म्हणून त्यापूर्वीच्या काळाचे वस्त्र हाताने शिवावे, निदान दिसणाऱ्या सर्व शिवणी धावदोरा, उलटी टीप व हातहेम यांनीच घालाव्यात. बटणे, चेन, इलास्टिक, दाबाची बटणे यांना मज्जाव असावा. जाम्याला व अंगरख्याला बंद, बाराबंदीला तिच्या नावाप्रमाणे बारा बंद. बंदांची बाजूही पाहावी. मोगल दरबारात मुसलमान सरदार जाम्याचे बंद उजव्या बगलेखाली बांधीत आणि हिंदू डाव्या, असा प्रघात होता, आणि चित्रांतून तो स्पष्ट दिसतो. जाम्याची लांबी हा तर काळाचा दाखलाच : सतराव्या शतकात तो गुडघ्यांच्या आसपास थांबतो, अठराव्याच्या उत्तरार्धात घोट्यांपर्यंत उतरतो व घेर वाढतो. एकाच प्रसंगातील शिवकालीन सरदारांना उत्तर पेशवाईचे घोळदार जामे घातलेले पाहावयास मिळतात ते याच अनभिज्ञतेमुळे.

स्त्रियांच्या वेषाला आपल्याकडे एकच वस्त्र पुरेसे मानले जाते, नऊवारी, आणि तेही शिवलेले, नाडीचे. शिवलेली नऊवारी मंचावर सोयीची असेल. संग्रहात तिला स्थान नसावे, कारण नेसणे ही क्रिया हाच त्या वस्त्राचा अर्धा भाग आहे आणि ती क्रिया शिकलेली एक म्हातारी बाई या कामी चार पुस्तकांच्या तोलाची असते. लुगडे नेसणारीच्या जातीवर, कामावर, प्रांतावर काष्ट्याची तऱ्हा बदलत असे. कष्टाची बाई गुडघ्यापर्यंत आखूड नेसे, घरंदाज बाई पाऊल झाकेल अशी. इरकली, नारायणपेठी, चंद्रकळा ही लुगडी व गुळेदगुड्डच्या खणाची चोळी हा संच एकोणिसाव्या-विसाव्या शतकासाठी अद्याप सहज जमतो. त्याहून मागे जायचे झाल्यास चित्रांचा आधार विरळ होत जातो, म्हणून दरबारी स्त्रीपेक्षा सामान्य स्त्रीपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

डोक्यावरच्या वस्त्राविषयी एवढेच सांगतो की पुणेरी पगडी, जिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती बसविलेल्या घाटाची वस्तू आहे आणि तिचा काळ एकोणिसाव्या शतकाचा. ती तानाजीच्या डोक्यावर ठेवू नये. मुंडासे, पागोटे, पटका हे बांधावयाचे असतात आणि ते दरवेळी नव्याने बांधण्याची कला गावात अजून जिवंत आहे.

पादत्राणांत अंधार अधिक. पुष्कळशी माणसे अनवाणीच चालत होती, हे सत्य कोणत्याही मिरवणुकीत कोणाला दाखवावेसे वाटत नाही. पण शिवकालीन मावळ्याच्या संचात जोडा नसला तरी तो संच अपुरा ठरत नाही. दरबारी मंडळींच्या पायांत चित्रांवरून पाहता टाच उघडी असलेले, पुढे निमुळते चढाव दिसतात, आणि चटईवर बसण्यापूर्वी ते काढून ठेवण्याची रीत असल्याने त्यांची उघडी टाच हा सोयीचाच भाग होता. देशी जोड्यांचे एक वैशिष्ट्य नव्या डोळ्यांस पटकन दिसत नाही : डाव्या व उजव्या पायांचे जोडे एकाच घाटाचे असत, आणि वापरता वापरता पाय त्यांना आपला आकार देई. बाजारात मिळणारे ‘ऐतिहासिक’ बूट डावे-उजवे असतात, त्यांच्या तळाला रबर असते व पट्ट्यांवर यंत्राची टीप. ते दुरून चालतात. कोल्हापुरी पायतण मात्र आजही अभ्यासण्याजोगे आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी कातड्याच्याच वादीने शिवलेला तळ, बाजूचे कान, वरची वेणी आणि अंगठा ही त्याची घडण, आणि कापशी, कच्छकडी, बक्कलनाळी, पुकरी ही त्याच्या जातींची नावे. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील आठ जिल्ह्यांच्या नावे त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रादा कंपनीच्या प्रदर्शनात त्याच घाटाच्या चपला त्यांच्या उगमाचा उल्लेख न करता सादर झाल्या तेव्हा जी चीड उसळली ती योग्यच होती; परंतु तेवढीच आस्था आपल्या तालुक्यातल्या चर्मकाराच्या दुकानात जाऊन दाखविली असती तर त्याच्या मुलाने तो धंदा सोडला नसता. क्रोमने कमावलेले कातडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे. म्हणून त्यापूर्वीच्या कोणत्याही जोड्यासाठी साल-हिरड्याचेच कातडे मागून घ्यावे. त्याचा वास, त्याचा बदामी रंग आणि भिजून सुकल्यावर ताठरण्याचा स्वभाव हे सारे त्याच्यासोबत येते.

निगेचा प्रश्न हा जमविण्याच्या प्रश्नाहून मोठा आहे. हिंगोली ज्या राज्यात होती त्या निजामशाहीचे सहावे अधिपती मीर महबूब अली खान यांचा दुमजली लाकडी पोशाखखाना हैदराबादच्या पुरानी हवेलीत आजही पाहावयास मिळतो, त्याच्या लांबीने पाहणारा थक्क होतो. परंतु जमा केलेल्या वस्त्रांपेक्षा ती ठेवण्यासाठी बांधलेली ती व्यवस्था, हवा खेळती ठेवणारे खण व वरच्या मजल्यास जाण्याचा हाताने चालणारा पाळणा, हीच अभ्यासण्यासारखी आहे. आमच्याकडे असा महाल असण्याची गरज नाही. दोन लोखंडी पेट्या, कोऱ्या सुती कापडाची बासने आणि एक नोंदवही एवढ्यावर एका गावाचा जामदारखाना, म्हणजे वस्त्रांचे कोठार, उभा राहू शकतो. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना स्वतंत्र गणला जात होता हे ध्यानात घ्यावे; त्याचा अर्थ वस्त्रे ही राज्याची मालमत्ता असून तिची जबाबदारी नेमून दिलेली होती. नोंदवहीत प्रत्येक नगाचा जाबता असावा : कोणत्या पुराव्यावरून बनविले, कापड कोठले, रंग कोणता, कोणी शिवले, केव्हा कोणास दिले, परत आले तेव्हा काय दोष आढळला, आणि कोणत्या दिवशी काय दुरुस्ती झाली. माझ्या मते या वहीवाचून संग्रह म्हणजे निव्वळ जुन्या कपड्यांचा ढीग.

धुण्याच्या बाबतीत कापड, रंग व अस्तर यांचा विचार करून निरनिराळी वागणूक ठेवावी. सुती धोतर, उपरणे, बंडी ही रिठ्याच्या पाण्याने खुशाल धुवावीत. अस्तर व रुई भरलेला अंगरखा धुऊ नये, तो सावलीत वाऱ्यावर टांगावा, आणि घाम शोषून घेण्यासाठी आत एक साधी सुती बंडी घालण्याचा नियम करावा, कारण घाम हा कापडाचा शत्रू तर आहेच, शिवाय जरीला तो काळवंडवितो. पैठणीची घडी वर्षातून दोनदा निराळ्या ठिकाणी मोडावी, नाही तर घडीच्या रेषेवर रेशीम तुटते. अत्तर, डांबरगोळ्या व कापूर यांचा जरीला स्पर्श होऊ देऊ नये. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे व वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून कोपऱ्यांत ठेवावा, आणि तो दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलावा. मराठवाड्याची कोरडी हवा या कामी आपल्या बाजूची आहे; परंतु धरणाच्या काठच्या गावांत आषाढ-श्रावणात ओलावा वाढतो, म्हणून त्या दोन महिन्यांत पेट्या भिंतीपासून व जमिनीपासून दूर, पाटावर ठेवाव्यात. आणि प्लॅस्टिकची पिशवी कोणत्याही सबबीवर नको. तिच्यात कोंडलेला दमटपणा बुरशी आणतो. फाटले तर रफू, रफूने भागत नसेल तर ठिगळ, आणि ठिगळाची लाज बाळगू नये, कारण शेतकऱ्याची जुनी बंडी ठिगळाशिवाय खोटी दिसते. चामड्याच्या वहाणा वापरानंतर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत सुकवाव्यात, तळाला माफक तेल चोळावे, आणि भिजल्या असतील तर विस्तवाजवळ वा उन्हात मुळीच नेऊ नयेत, कारण साल-हिरड्याचे कातडे एकदम सुकले की चिरते. तेलाचा अतिरेकही वाईट. कातडे लिबलिबीत होऊन शिवण ढिली पडते.

मग हे कोणी करावे? संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखली जाणारी नरसी याच जिल्ह्यात आहे आणि नामदेव जातीने शिंपी, तेव्हा ज्या समाजाने सुई हातात धरून इतके मोठे माणूस दिले त्या समाजातील हातशिलाई जाणणारे वृद्ध अजून आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून कळीची बेतणी शिकून घेणे हे पहिले काम. शाळेने एकदम चाळीस पोशाखांची मागणी करू नये. सिद्धेश्वर वा औंढ्याच्या एखाद्या शाळेने पहिल्या वर्षी एकच माणूस निवडावा, समजा अठराव्या शतकातील शेतकरी : धोतर, बाराबंदी, मुंडासे, घोंगडी, वहाणा. एवढे पाच नग, प्रत्येकाचा पुरावा लिहून, कारागिराला त्याच्या दिवसांची रास्त मजुरी देऊन तयार करावेत. घासाघीस करून घेतलेल्या हाताच्या कामात हात राहत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोचा संच, तिसऱ्या वर्षी गावच्या कुळकर्ण्याचा, आणि कुसुंबी रंगाची उपरणी स्वतःच्या शेतातल्या करडईवर. बाहेर द्यावयाचे ते लेखी करारावर, अनामत घेऊन, आणि घालणाऱ्याला नेसणे-बांधणे आधी शिकवून द्यावे. पेट्यांची किल्ली एकाच शिक्षकाकडे न ठेवता दोघांकडे असावी, कारण बदली झाली की वही व किल्ली दोन्ही हरवतात, आणि तीन वर्षांचे काम एका पावसाळ्यात कसरीच्या स्वाधीन होते.